संशयाची शिस्त

१८५९ साली लंडनमध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पहिले सॅम्युएल स्माइल्सचे 'सेल्फ हेल्प'. हलाखीतून स्वतःच्या कष्टांच्या बळावर वर आलेल्या माणसांच्या हकिकतींनी भरलेले हे पुस्तक अफाट खपले. आज पुस्तकांच्या दुकानात 'व्यक्तिमत्त्वविकास' या पाटीखाली जी चळत मांडलेली असते तिचे ते आद्य पूर्वज म्हणता येईल. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार आणि पुढे जगद्विख्यात शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे त्या पुस्तकात एक उदाहरण म्हणून हजर आहे. दुसरे पुस्तक खुद्द फॅरडेचे. रसायन आणि पदार्थविज्ञान या विषयांवरील त्याच्या शोधनिबंधांचा तो संग्रह. त्यात वायू द्रवरूप करण्याचे प्रयोग आहेत, काचेवरचे संशोधन आहे, आणि अगदी शेवटी, या साऱ्यांशी वरवर काहीच संबंध नसलेले एक व्याख्यान आहे. विषय आहे मनाचे शिक्षण. हे व्याख्यान आपल्या प्रायोगिक आयुष्याशी इतके निगडित आहे की या ग्रंथाचा शेवट त्यानेच होणे योग्य, अशा आशयाची टीप फॅरडेने त्याला जोडली आहे.

फॅरडेची गोष्ट आपल्याकडे शाळकरी वयात कानावर पडते ती स्माइल्सच्याच घाटाची. गरीब मुलगा, पुस्तकांची ओढ, चिकाटी, आणि शेवटी यश. आम्हीही ती तशीच ऐकली होती. त्या गोष्टीत खोटे काही नाही. परंतु ती एक प्रश्न अनुत्तरित ठेवते. चिकाटी असलेली माणसे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हजारोंनी होती. फॅरडे नेमके काय करीत होता? तो शिकत कसा होता? आणि ज्या माणसाने विजेच्या युगाचा पाया घातला, त्याला उतारवयात मनाच्या शिक्षणावर तासभर बोलावे असे का वाटले? या प्रश्नांच्या मागे जात असता आम्हाला जो फॅरडे दिसला, तो आत्मविश्वासाचा पुतळा नव्हता. आपल्या मनाविषयी आयुष्यभर सावध राहिलेला तो एक माणूस होता, आणि त्या सावधपणाच्या त्याने सवयी बनवल्या होत्या.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार, तेही प्रकृतीने खंगलेले. शाळेत वाचणे, लिहिणे आणि हिशेब एवढेच पदरात पडले. १८०४ साली तो जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला, आणि पुढच्या वर्षी तेथेच सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. बांधणीसाठी येणारी पुस्तके तो वाचू लागला. रिबोने त्याला अडवले नाही, हे रिबोचे ऋण. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या एका खंडातला विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या लेखिकेचे 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' हे १८०६ सालचे संवादरूप पुस्तकही असेच हाती आले.

या वाचनाविषयी खुद्द फॅरडेने १८५८ साली ओग्युस्त द ला रीव्ह या स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ मित्राला एका पत्रात जे कळवले, ते आम्हाला फार मोलाचे वाटते. आपण लहानपणी मोठे विचारवंत वगैरे नव्हतो, असे तो सांगतो. कल्पनेची भरारी एवढी होती की अरबी सुरस कथांवर जितका सहज विश्वास बसे तितकाच विश्वकोशावरही बसे. आपल्याला वाचवले ते वस्तुस्थितीच्या आदराने. मार्सेटबाईंच्या पुस्तकातली विधाने त्याने परवडतील तेवढ्या छोट्या प्रयोगांनी पडताळून पाहिली, ती खरी ठरली, आणि तेव्हा कुठे आपल्या पायाखाली जमीन आल्यासारखे त्याला वाटले. छापील अक्षर दिसले की भारावून जाणारा मुलगा आपल्या भारावून जाण्यालाच भ्याला, असे हे चित्र आहे. त्याच्या शिक्षणाची सुरुवात आम्ही या क्षणापासून धरतो.

याच सुमारास त्याच्या हाती आयझॅक वॉट्सचे एक पुस्तक पडले. वॉट्स हा धर्मोपदेशक आणि भक्तिगीतांचा कर्ता. १७४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'द इम्प्रूव्हमेंट ऑफ द माइंड' या पुस्तकात ज्ञान वाढवण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: निरीक्षण, वाचन, व्याख्यानश्रवण, संभाषण आणि मनन. आपल्याकडील श्रवण, मनन, निदिध्यासन ही त्रयी ज्यांच्या कानावरून गेली आहे, त्यांना यात अनोळखी असे फारसे वाटणार नाही. फरक पडतो तो तपशिलात. वॉट्स वाचकाला वही ठेवायला सांगतो, मित्रांशी पत्रव्यवहार करायला सांगतो, शब्द काटेकोरपणे वापरायला सांगतो, आणि थोड्याशा निरीक्षणावरून मोठा सिद्धांत बांधू नये असे बजावतो. असली पुस्तके आपण वाचतो, चार दिवस हुरूप येतो, आणि मग ती कपाटात जातात. फॅरडेने ते पुस्तक एखाद्या कारागिराने कामाची जंत्री वाचावी तसे वाचले. पुढच्या दहा वर्षांतील त्याचे आयुष्य पाहिले, तर वॉट्सची बहुतेक प्रत्येक सूचना त्याने अमलात आणलेली दिसते.

१८०९ साली त्याने एक टिपणवही सुरू केली आणि तिला 'द फिलॉसॉफिकल मिसलेनी' असे भारदस्त नाव दिले. वर्तमानपत्रे, मासिके, ग्रंथ यांत विज्ञान व कलाकौशल्य यांविषयी जे आढळेल ते तीत उतरवून ठेवायचे. १८१० पासून तो जॉन टेटम या गृहस्थाच्या घरी संध्याकाळी होणाऱ्या विज्ञानव्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे, आणि तो शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही लोहारकामच करीत होता. व्याख्यान टिपून घेण्याची फॅरडेची रीत त्याच्याच लेखनातून कळते. प्रत्यक्ष व्याख्यानात तो फक्त ठळक शब्द, छोटी महत्त्वाची वाक्ये आणि प्रयोगांची नावे उतरवी. घरी आल्यावर त्यांच्या आधारे दुसरे, अधिक विस्तृत टिपण करी. मग त्या दुसऱ्या टिपणावरून सारे व्याख्यान स्वतःच्या भाषेत पुन्हा लिहून काढी. ऐकलेले तीन वेळा हाताखालून जाई, आणि प्रत्येक वेळी जिथे दुवा निसटला असेल तिथे तो उघडा पडे. उपकरणांच्या आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून त्याने रिबोच्या घरी राहणाऱ्या मास्क्येरिए या चित्रकाराकडून यथार्थदर्शन शिकून घेतले. मोबदल्यात तो त्याची खोली झाडी आणि त्याच्या बुटांना पॉलिश करी. टेटमच्या व्याख्यानांची ही टिपणे त्याने स्वतः चार खंडांत बांधली आणि रिबोला अर्पण केली.

घोकंपट्टीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना येथे थोडे थांबावेसे वाटते. पाठांतराचा सारा भर स्मरणशक्तीवर असतो. जे शब्द ऐकले तेच जसेच्या तसे परत देता आले की शिक्षण पुरे झाले असे मानले जाते. फॅरडेला स्मरणशक्तीचा भरवसा नव्हता. ती दुबळी आहे ही तक्रार त्याच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. म्हणून त्याने तिच्यावरचा भार काढून वहीवर टाकला. आणि गंमत अशी की, शब्द विसरण्याची खात्री असल्यामुळे त्याला अर्थ समजून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

दुसरी उणीव भाषेची. फॅरडेचे व्याकरण कच्चे होते, बोलण्यात लंडनच्या कष्टकरी वस्तीची छाप होती, आणि या दोन्हींची त्याला जाणीव होती. १८१२ च्या जुलैमध्ये त्याने बेंजामिन ॲबट या मित्राशी पत्रव्यवहार सुरू केला. ॲबट त्याच्याहून बराच अधिक शिकलेला होता. ही पत्रे म्हणजे खुशालीची देवाणघेवाण नव्हती. विचार नीट मांडता यावा, शैली सुधारावी हा हेतू त्यांत उघडपणे सांगितलेला आहे. एडवर्ड मॅग्रॅथ या दुसऱ्या एका मित्राबरोबर तो कित्येक वर्षे नियमितपणे बसत असे. दोघे मिळून वाचीत आणि एकमेकांचे उच्चार व वाक्यरचना दुरुस्त करीत. १८१८ साली तर त्याने आणि काही मित्रांनी एक निबंधमंडळच काढले. प्रत्येकाने निबंध लिहायचा आणि तो निनावी वहीत यायचा, म्हणजे लेखकाची भीडभाड न बाळगता चर्चा करता येते. या वहीतील मजकूर आता पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. ते निबंध फार थोर आहेत असे कोणी म्हणणार नाही. दिवसभर काम करून थकलेले तरुण रात्री एकत्र जमून एकमेकांची वाक्ये तपासत आहेत, हे दृश्यच त्या वहीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्याच काळात फॅरडेने बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाकडे धडे घेतले. पुढे तो लंडनचा सर्वांत लोकप्रिय विज्ञानवक्ता झाला, तेव्हाही त्याचा मदतनीस व्याख्यान चालू असता त्याच्यासमोर एक पत्र्यासारखे ताठ कार्ड ठेवी. त्यावर 'सावकाश' असा इशारा असे. बोलण्याच्या भरात आपण वाहवत जातो हे त्याला ठाऊक होते, आणि त्या क्षणी स्वतःचे भान राहील याची त्याने खात्री बाळगली नव्हती.

फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कसा पोचला ही कथा सर्वश्रुत आहे, तरी तिच्यातील योगायोगाचा वाटा मोजून घेतला पाहिजे. विल्यम डान्स या संगीतकार गिऱ्हाइकाने त्याला १८१२ साली सर हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने आपल्या नेहमीच्या रीतीने त्यांची टिपणे केली, आकृत्यांसह लिहून काढली, बांधली आणि डिसेंबरमध्ये डेव्हीकडे पाठवली. त्याआधी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्याने नोकरीसाठी लिहिले होते, त्याला उत्तरच आले नव्हते. डेव्हीने भेट दिली, पण जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतला मदतनीस भांडणावरून बडतर्फ झाला, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि माडीवर राहायला दोन खोल्या. रिबोची सवड, रॉबर्टचा शिलिंग, डान्सची तिकिटे, दुसऱ्या कुणाचे तरी भांडण: यांतले एक जरी वजा केले तर काय झाले असते हे सांगता येत नाही. स्माइल्सच्या परंपरेतील पुस्तके 'स्वतः' या शब्दावर जोर देतात. फॅरडेच्या स्वशिक्षणात इतरांचे हात इतके आहेत की तो शब्द जपून वापरावा लागतो. त्याचे स्वतःचे काय होते? दार उघडले त्या दिवशी त्याच्या हातात बांधून तयार असलेली वही होती, हे त्याचे स्वतःचे.

तरुणपणीच्या या सवयी संशोधनात कशा उतरल्या हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. १८२० साली डेन्मार्कमधील एर्स्टेडने विजेच्या प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते असे दाखवले आणि युरोपभर या विषयावरच्या निबंधांचा पूर आला. १८२१ साली फॅरडेच्या एका मित्राने त्याला या साऱ्या संशोधनाचा आढावा लिहायला सांगितले. आढावा म्हणजे वाचून सारांश काढणे, असे आपण समजतो. फॅरडेने लेखात ज्यांचा उल्लेख करायचा ते जवळजवळ सारे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिले. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ती आपली होत नाही, अशी त्याची धारणा होती. मार्सेटबाईंचे पुस्तक पडताळून पाहणारा मुलगा आता तिशीला आला होता, इतकेच. या खटाटोपातूनच सप्टेंबर १८२१ मध्ये त्याला विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवता आली. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे मूळ तत्त्व ते हेच. विख्यात लेखकांच्या निबंधांवर विश्वास ठेवून त्याने नुसता सारांश लिहिला असता, तर एक चांगला आढावा तेवढा झाला असता.

१८२२ साली त्याने आणखी एक वही काढली. हिच्यात उत्तरे नव्हती, प्रश्न होते. करून पाहण्याजोग्या कल्पना, शंका, सूचना तो तीत लिही, आणि एखादीचा निकाल लागला की तिच्यावर रेघ मारी. चुंबकत्वापासून वीज मिळवावी, अशी एक नोंद या वहीत होती. तिच्यावर रेघ पडायला नऊ वर्षे लागली. मधल्या काळात त्याने अधूनमधून प्रयत्न केले, ते फसले, आणि फसल्याचेही त्याने लिहून ठेवले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी सुमारे सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर तारेचे दोन वेगळे वेढे गुंडाळून त्याने एकातून बॅटरीचा प्रवाह सोडला. दुसऱ्या वेढ्याला जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह तोडला तेव्हा ती पुन्हा हलली. फॅरडेची आणि इतरांचीही अपेक्षा होती ती अखंड परिणामाची. समोर आला तो क्षणिक धक्का. अपेक्षेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला ही थरथर म्हणजे टेबलाला लागलेला धक्का वाटली असती. फॅरडेने ती जशी दिसली तशी लिहिली, आणि परिणाम बदलाशी निगडित आहे, स्थिर अवस्थेशी नाही, हे तो थोड्याच आठवड्यांत ओळखू शकला. १७ ऑक्टोबरला त्याने तारेच्या वेटोळ्यात नुसता चुंबक आतबाहेर करून वीज मिळवली, आणि २४ नोव्हेंबरला त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. आजची वीजनिर्मिती केंद्रे मुख्यतः याच तत्त्वावर चालतात.

१८३२ पासून त्याने आपल्या प्रयोगांच्या रोजनिशीतील परिच्छेदांना सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली. ही मालिका अखेरीस सोळा हजारांच्या पुढे गेली. एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवता यावे, म्हणजे वर्षांपूर्वीचा निष्कर्ष आजच्या निष्कर्षाशी भिडवून पाहता यावा, अशी ही सोय होती. तिची गरज पुढे फार कठोरपणे सिद्ध झाली. १८४० च्या आसपास अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली आणि काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. स्मरणशक्ती, जी आधीच लंगडी होती, ती आणखी खचली. एकदा त्याने कित्येक आठवडे राबून काही निष्कर्ष काढले, आणि मग टिपणे चाळता त्याला आढळले की तेच सारे आपण काही महिन्यांपूर्वी शोधून काढले होते आणि साफ विसरलो होतो. हा प्रसंग वाचताना मन विषण्ण होते. परंतु याच खंगलेल्या स्मरणशक्तीच्या काळात, १८४५ साली, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने दाखवून दिले, हेही विसरता येत नाही. वहीने त्याला सावरून धरले होते.

आता त्या व्याख्यानाकडे वळू. १८५३ मध्ये इंग्लंडात टेबल फिरवण्याचे वेड पसरले. माणसे टेबलाभोवती बसून त्यावर हात टेकवीत आणि थोड्या वेळाने टेबल आपोआप सरकू लागे. कोणी त्याचे श्रेय मृतात्म्यांना देई, कोणी विजेला, कोणी चुंबकत्वाला. आपल्याकडे कॅरमबोर्डावर वाटी उपडी घालून 'प्लँचेट' करणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. प्लँचेटचा जन्मही याच लाटेतला. विजेचे नाव घेतले जात असल्यामुळे लोक फॅरडेला विचारू लागले. त्याने थट्टा केली नाही. टेबल फिरवण्यात पटाईत आणि प्रामाणिक अशी माणसे निवडून त्याने प्रयोग मांडले. टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट गोळ्यांनी जोडून ठेवले. टेबल सरकल्यावर थर कोणत्या क्रमाने घसरले हे पाहिले, तर वरचे थर खालच्यांच्या पुढे गेले होते. म्हणजे टेबलाने हात ओढले नव्हते, हातांनी टेबल ढकलले होते. मग त्याने काचेच्या नळकांड्यांवर सरकणाऱ्या दोन फळ्या घेऊन त्यांना गवताच्या काडीचा एक दर्शक जोडला. हात बाजूला दाब देऊ लागले की काडी कलायची. काडी दिसत नसे तोवर टेबल फिरे. ती बसणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेवली की टेबल जागचे हलेना. कोणी फसवत नव्हते. प्रत्येकाला मनापासून वाटत होते की आपण फक्त हात टेकवले आहेत. जूनअखेरीस 'टाइम्स'मध्ये आणि त्यानंतर लगेच 'अथेनियम'मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले.

फॅरडेला खरा धक्का बसला तो नंतर. शिकलेसवरलेले लोकही हा खुलासा मानायला तयार नव्हते. ६ मे १८५४ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रिन्स अल्बर्टच्या अध्यक्षतेखाली त्याने मनाच्या शिक्षणावर जे व्याख्यान दिले, त्यामागे हा अनुभव होता. समाजात सर्वांत मोठी उणीव ज्ञानाची नसून निर्णयबुद्धीची आहे, आणि ही उणीव असलेल्याला ती आहे हेच कळत नाही, हा त्याच्या मांडणीचा गाभा आहे. आपल्या इच्छेला अनुकूल असा पुरावा आपण हात पसरून स्वीकारतो, प्रतिकूल असेल तो नाक मुरडून बाजूला सारतो. म्हणून जे खरे असावे असे आपल्याला फार वाटते, त्याच्याच बाबतीत अधिक कडक व्हावे. पुरावा पुरेसा नसेल तर निर्णय राखून ठेवावा, आणि अनिश्चिततेत राहण्याची सवय करावी. हे शिक्षण दुसरा कोणी देऊ शकत नाही, ते ज्याचे त्याने घ्यायचे आणि आयुष्यभर घेत राहायचे. फॅरडेचे हे म्हणणे वाचताना आम्हाला ती गवताची काडी आठवत राहिली. टेबलावर बसलेल्यांना जशी तिची गरज होती, तशी आपल्यालाही आहे हे फॅरडेने चाळीस वर्षांपूर्वीच मान्य केले होते. टिपणवह्या, मित्रांची दुरुस्ती, पुन्हा केलेले प्रयोग, क्रमांक दिलेले परिच्छेद, 'सावकाश'चे कार्ड: मन नकळत कुठे दाब देत आहे ते दाखवणारे हे त्याचे दर्शकच होते.

संशयात्म्याचा नाश होतो अशी ताकीद आपल्या परंपरेत आहे, आणि जो कशावरच पाय रोवू शकत नाही त्याच्या बाबतीत ती खरीही असेल. फॅरडेचा संशय वेगळ्या जातीचा होता. त्याने तो जगावर किंवा इतरांवर रोखला नाही. स्वतःच्या घाईवर, आवडीवर, विस्मरणावर रोखला. त्यामुळे त्याचे हातपाय गळाले नाहीत, उलट काम करायला त्याला निश्चित जागा मिळाली.

तरीही या गोष्टीला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. व्याख्यानाच्या आरंभीच फॅरडेने स्पष्ट केले होते की ही सारी कसोटी लौकिक ज्ञानाला लागू आहे, धर्मश्रद्धेला नाही. तो सँडेमनियन या छोट्याशा कडव्या ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत सभासद होता, काही काळ त्याचा वडीलधारी पुढारीही. त्या दाराशी त्याने आपली काडी बाहेर ठेवली. कोणी यात विसंगती पाहील, कोणी नम्रता. आम्हाला एवढेच दिसते की स्वतःवर पहारा ठेवणाऱ्यानेही एक खोली पहाऱ्याबाहेर ठेवली होती, आणि ती कोणती हे त्याने लपवले नाही. दुसरी मर्यादा अशी की त्याने शिष्यपरंपरा निर्माण केली नाही. मदतनीस अँडरसन सोडला तर तो बहुधा एकट्यानेच काम करी. ज्याचे सारे शिक्षण मित्रांच्या सोबतीने झाले, त्याच्या प्रयोगशाळेत कोणी विद्यार्थी घडला नाही, हे चुटपूट लावणारे आहे.

गणिताची उणीव मात्र त्याला कधीच भरून काढता आली नाही. त्याच्या विस्तीर्ण लेखनात समीकरणे जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी लोहकिसाच्या मांडणीत दिसणाऱ्या बलरेषांच्या चित्रांतून तो विचार करीत राहिला. पुष्कळ गणितज्ञांना ते बालिश वाटले. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने १८५५-५६ मध्ये त्या चित्रांत दडलेले गणित ओळखले आणि पुढे त्यातून विद्युतचुंबकीय क्षेत्राचा सिद्धांत उभा केला. त्याला ते करता आले, याचे एक कारण असे की फॅरडेने केवळ निष्कर्ष छापले नव्हते. चाचपडणे, चुकणे, मागे फिरणे हे सारे क्रमवार मांडले होते.

फॅरडेच्या रोजनिशीतील अखेरचा प्रयोग मार्च १८६२ मधला आहे. ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटावर चुंबकाचा काही परिणाम होतो का, हे तो पाहत होता. सत्तरी ओलांडलेल्या, विस्मरणाने ग्रासलेल्या त्या माणसाला असा परिणाम असावा असे मनापासून वाटत होते. निसर्गातील सारी बले एकमेकांशी जोडलेली आहेत ही त्याची आयुष्यभराची श्रद्धा होती. त्याने पाहिले, काही दिसले नाही, आणि काही दिसले नाही असे लिहिले. १८६७ मध्ये तो वारला. हॉलंडमधील पीटर झीमन याने फॅरडेवरील मॅक्सवेलच्या एका लेखात या फसलेल्या प्रयोगाविषयी वाचले. फॅरडेला शक्य वाटलेली गोष्ट अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही असे त्याला वाटले. १८९६ साली त्याला तो परिणाम दिसला, आणि १९०२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा झाला. एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या इच्छेविरुद्ध प्रामाणिकपणे लिहिलेली एक नकारार्थी नोंद चौतीस वर्षांनी दुसऱ्याच्या कामी आली होती.